भालेरावांच्या जीपचं दुखणं

गिऱ्हाईक गाडीचा दोष कधी सांगत नाही. त्याला स्वतःला काय वाटलं, ते सांगतो. "मन लावून चालत नाही हो." "चढावर जीव नकोसा करते." कोठी भागातले एक मिठाईवाले शेठ होते, ते दर खेपेला म्हणायचे, "पवार, गाडी रुसलीय." जामबागच्या कॉलेजातले एक प्राध्यापक स्कूटर घेऊन आले आणि म्हणाले, "ही फक्त डावीकडे वळताना खोकते." आम्ही सगळे हसलो. मग मी हँडल डावीकडे वळवून बघितलं, तर आतली एक अर्धवट तुटलेली वायर तेवढ्यापुरती ताणली जात होती. त्या दिवसापासून गिऱ्हाईक काहीही बोललं तरी मी हसत नाही. त्याचं म्हणणं खरं असतं. फक्त तो ज्या जागी बोट दाखवतो, तिथं दोष असेलच असं नाही.

माझं गॅरेज काचीगुड्याला, स्टेशनच्या मागच्या बोळात होतं. वडील निजामाच्या राज्यात उदगीरकडून इकडे, त्याच्या राजधानीत आले. घरात मराठी, गल्लीत तेलुगू आणि गॅरेजात दखनी, असं माझं आयुष्य गेलं. शेडच्या अर्ध्या भागात मी इंजिनाचं काम करायचो आणि अर्ध्या भागात खादरभाई वायरिंगचं. इंजिनात बिघाड निघाला की खादरभाई खूश, वायरिंगमध्ये निघाला की मी खूश, आणि दोन्हींकडे काहीच निघालं नाही की दोघांची झोप जायची. मी सांगतोय ती गोष्ट या तिसऱ्या प्रकारातली.

बाजार खुला झाला, त्यानंतरची ती वर्षं. शहरात रोज नव्या गाड्या दिसायला लागल्या होत्या. जिकडेतिकडे बोअरवेल खणणं, बंगले पाडून मजले चढवणं चाललं होतं. भालेरावसाहेब जमिनीखालचं पाणी शोधून द्यायचे. कुठल्या तरी सरकारी खात्यातून लवकर बाहेर पडून त्यांनी स्वतःचं काम सुरू केलं होतं. माळरानावर तारा टाकून, यंत्र लावून ते जागा सांगायचे, "इथं खणा." उंच, सडसडीत, कमी बोलणारा माणूस. गाडी म्हणजे पेट्रोलवर चालणारी जुनी जीप, लिलावात घेतलेली. वर कापडी टप, दरवाजे नाहीत. आणि ती चालवायला नरसिम्लू.

नरसिम्लू त्यांच्याकडे सुरुवातीपासून होता. तेलंगणातले शिवाराचे रस्ते, ओढे, कुठल्या तळ्याच्या बांधावरून जीप जाते आणि कुठल्या बांधावरून खचते, हे त्याला पाठ. बसका, काळा, पांढऱ्या मिशांचा. मला उस्ताद म्हणायचा. वय मी कधी विचारलं नाही. माझ्यापेक्षा आठदहा वर्षांनी मोठा असावा.

पहिल्यांदा तो आला तेव्हा तक्रार अशी होती. "उस्ताद, उठते वखत गाडी झटके मारती. ॲक्सिलेटर दबाया तो पहले सोचती, फिर जाती. और चाय के वास्ते रोके तो फिर जल्दी चालू नै होती."

बाहेरच्या माणसाला कळावं म्हणून सांगतो. पेट्रोलच्या इंजिनाला पेट्रोल, हवा आणि ठिणगी लागते. तिन्ही वेळेवर आणि मापात मिळालं की ते तक्रार करत नाही. आपण ॲक्सिलरेटर दाबतो तेव्हा हवा एकदम वाढते, पण पेट्रोल जड, ते मागं राहतं. म्हणून जुन्या कार्ब्युरेटरमध्ये, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळतात त्या भांड्यात, एक छोटा पंप असतो. पाय दाबला की तो पेट्रोलची जादा पिचकारी मारतो. त्या पंपातलं चामड्याचं वॉशर वाळून कडक झालं की पिचकारी येत नाही आणि गाडी क्षणभर अडखळते. चहाला थांबल्यावर चालू न होणं हे वेगळं दुखणं. इंजिन बंद केलं की पंखा थांबतो, आतली धग वर येते, आणि पेट्रोलचा पाइप सायलेन्सरच्या नळीला चिकटलेला असेल तर आतलं पेट्रोल उकळून बुडबुडे होतात. टाकीतून पेट्रोल ओढणारा पंप मग बुडबुडेच ओढत बसतो. पंपावर ओलं फडकं टाकलं आणि गाडी चालू झाली, तर रोग सापडला म्हणून समजावं.

त्या खेपेला दोन्ही दोष खरे निघाले. मी वॉशर बदललं, पाइप दूर नेऊन बांधला. खादरभाईंनी कॉइल बदलली. गरम झाली की तिची ठिणगी निळ्याची पिवळी पडत होती. जीप पाण्यावरून गेल्यासारखी गुळगुळीत चालायला लागली. भालेरावसाहेबांनी मला मुद्दाम बोलावून सांगितलं, "पवार, तुम्ही माझी दोन माणसं वाचवलीत." एक नरसिम्लू, हे मला कळलं. दुसरं कोण, हे तेव्हा कळलं नाही.

पुढच्या उन्हाळ्यात जीप परत आली. तक्रार शब्दाशब्दाला तीच.

मी कार्ब्युरेटर उघडला. वॉशर नव्यासारखं मऊ. पाइप जागेवर. हवा कुठून चोरटी आत शिरत नाही ना, म्हणून जोडांवर तेल सोडून बघितलं. इंजिनाचा आवाज बदलला नाही. खादरभाईंनी कंडेन्सर बदलला, पॉइंट घासले. मी बोळातून चादरघाटच्या पुलापर्यंत जाऊन आलो, चढावर थांबवून उचलली, मुद्दाम उन्हात तापवून बंद केली आणि चालू केली. काही नाही. नरसिम्लूला दिली. दोन दिवसांनी तो परत दारात.

"फिर वैसाइच करती, उस्ताद."

एक खूण मात्र माझ्या ध्यानात आली. इंजिनाचा स्पार्क प्लग काढून त्याचं टोक बघितलं की आत काय चाललंय ते कळतं, वैद्य जीभ बघतो तसं. बिस्किटी रंग म्हणजे तब्येत ठीक. काळा आणि ओला म्हणजे पेट्रोल जास्त जातंय, जळत नाहीये. नरसिम्लू जीप घेऊन यायचा तेव्हा प्लग काळे आणि ओले. मी ते पुसून दिवसभर जीप चालवली की बिस्किटी. त्याच्याकडे जाऊन आली की परत काळे.

खादरभाई म्हणाले, "मियाँ, इसमें जिन बैठा है." ते अर्धे गमतीत होते. भालेरावांचा मुलगा अजित मात्र गमतीत नव्हता. तो नुकताच वडिलांच्या कामात आला होता. बोलायला चांगला, कामाला वाघ, पण घाईचा. तो एकटाच गॅरेजात आला आणि उभ्या उभ्या म्हणाला, "पवारकाका, खरं सांगा, नरसिम्लू पेट्रोल काढून रॉकेल भरतोय का?"

तेव्हा असं करणारे पुष्कळ होते, त्यामुळे शंका वाईट नव्हती. मी टाकीतलं थोडं तळहातावर घेतलं. रॉकेल असलं की हात तेलकट राहतो. हात बघताबघता कोरडा झाला.

"पेट्रोल चोख आहे," मी म्हणालो.

"मग जीपच संपलीय. बाबांना सांगा. तुमचं ऐकतील. डिझेलची गाडी भाड्यानं मिळते हल्ली, ड्रायव्हरसकट. हे भंगार आणि हा म्हातारा, दोन्ही किती दिवस सांभाळायचं?"

 नरसिम्लू बाहेर बोनेटला टेकून उभा होता. त्याला मराठी पुरं येत नसलं तरी इतक्या वर्षांत समजायला लागलं होतं. अजित गेल्यावर तो आत आला आणि हळूच म्हणाला, "उस्ताद, कैसा भी करके ठीक कर दो. इसको निकाले तो मेरे को भी निकालते."

मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि सांगितलं, उद्या मी तुमच्याबरोबर येतो, जिथं बिघडते तिथंच बघू.

काम इब्राहिमपट्टणच्या पुढं होतं. सकाळीच निघालो. नरसिम्लू चालवायला, शेजारी भालेरावसाहेब, मागच्या बाकावर यंत्राच्या पेट्यांजवळ मी. मोकळ्या रस्त्यावर जीप बरी चालली. पण शहराबाहेर पडेपर्यंत दोनदा सिग्नलला उचलताना आचके दिले, एकदा बंद पडली. मागून बसल्या बसल्या मी इंजिनाचा आवाज ऐकत होतो. आवाजात अडखळणं नव्हतं. एकदम भडका, मग एकदम काही नाही, असं होतं. जणू कुणी पेट्रोलचा नळ पुरा सोडतंय आणि पुरा बंद करतंय.

अजून एक गोष्ट दिसली. भालेरावसाहेबांचा उजवा हात सबंध वाटेत दोन सीटांच्या मधल्या हँडब्रेकच्या दांडीवर होता. मला वाटलं, म्हातारा माणूस, दरवाजा नाही, आधार घेतलाय.

कामाच्या जागी पोहोचल्यावर साहेब त्यांच्या दोन मजुरांना घेऊन तारा टाकायला माळावर गेले. मी नरसिम्लूला म्हणालो, "चल, एक चक्कर मारू. मी पुढं बसतो."

तो म्हणाला, "उस्ताद, तुम चलाव ना. मैं बाजू में बैठतूं."

"माझ्या हातात ती बिघडत नाही. तूच चालव."

तो बसला. मी शेजारी बसलो, आणि इतक्या दिवसांत पहिल्यांदा इंजिनाकडे न बघता त्याच्याकडे बघितलं. त्याच्या उजव्या पायातली चप्पल सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं घोट्याला बांधलेली होती. गाडी उचलायच्या आधी त्यानं मान खाली घालून पाय कुठं आहे ते बघितलं. मग गुडघ्यावर हात ठेवून पाय ॲक्सिलरेटरवर सरकवला. इंजिन भडकून उठलं. जीपनं उडी मारली, आचका दिला आणि बंद पडली.

त्यानं किल्ली फिरवली. सेल्फ फिरतोय, इंजिन धरत नाही, पेट्रोलचा वास नाकात शिरतोय.

"नरसिम्लू, पाय काढ," मी म्हणालो.

"निकाला ना, उस्ताद."

मी खाली बघितलं. पाय ॲक्सिलरेटरवर होता. किल्लीच्या प्रत्येक फेरीबरोबर पार तळापर्यंत दाबला जात होता आणि सुटत होता. तो समोर रस्त्याकडे बघत किल्ली फिरवत होता आणि त्याला खात्री होती की पाय बाजूला आहे. पिचकारीमागून पिचकारी आत जात होती आणि इंजिन पेट्रोलमध्ये बुडत होतं.

मी त्याचा हात किल्लीवरून काढला. "खाली बघ."

त्यानं बघितलं. बराच वेळ बघत राहिला. मग दोन्ही हातांनी मांडी धरून पाय उचलून बाजूला ठेवला, पेटी सरकवावी तसा.

 मी खाली उतरलो, वळसा घालून त्याच्या बाजूला गेलो आणि ट्यूबची पट्टी सोडली. चप्पल काढताना आधी वास आला. त्या जीपमध्ये सायलेन्सरची नळी चालवणाऱ्याच्या पायाखालून जाते. पत्रा इतका तापतो की चालवणारा सारखा टाच हलवत राहतो. मी चादरघाटपर्यंत गेलो तरी चारदा हलवायचो. नरसिम्लूची टाच हलत नव्हती. चपलेची टाच झिजून पार गेली होती आणि पायाच्या तळव्याला रुपयाएवढं भोक पडलं होतं. कडा काळ्या. आत काय होतं ते लिहीत नाही.

"दुखत नाही?" मी विचारलं.

"नै उस्ताद. दुखता तो मालूम होता ना."

त्याला साखरेचा आजार होता. बरेच दिवस होता. दवाखान्यात एकदा सांगितलं होतं, काही दिवस गोळ्या घेतल्या, मग बरं वाटलं म्हणून सोडल्या. पाय आधी मुंग्या आल्यासारखा व्हायचा, मग रुईवरून चालल्यासारखा, मग काहीच नाही. क्लच आणि ब्रेक जड असतात, त्यांचा जोर मांडीला कळतो, त्यावर भागत होतं. ॲक्सिलरेटर हलका. तो तळव्याच्या अंदाजानं चालवायचा असतो, आणि अंदाज देणारा तळवाच गेला होता.

जीपच्या सावलीत जमिनीवर बसून त्यानं मला हे सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, "मालिक को नक्को बोलो उस्ताद. मैं नीचे देख देख के चलातूं. आदत हो गई."

"रस्त्यावर काय आलं तर? रस्ता बघशील की पाय?"

तो मिशीवरून हात फिरवत माळाकडे बघत बसला. तिकडे साहेब पांढरी टोपी घालून तारेच्या टोकाशी उभे होते आणि मजुरांना काहीतरी दाखवत होते. मला त्या क्षणी दोघांचाही राग आला आणि दोघांचीही कीव आली. पण माझ्या हातात त्याची चप्पल होती आणि ती बघितल्यावर न बोलण्याचा प्रश्नच नव्हता.

परत येताना जीप मी चालवली. नरसिम्लू मागं, पाय माझ्या पंच्यात गुंडाळून. साहेबांनी चढताना ते बघितलं, पण विचारलं नाही. माझ्या शेजारी बसले. त्यांचा हात दांडीकडे गेला आणि अर्ध्यात थांबला, मग मांडीवर आला.

थोडं पुढं आल्यावर मी म्हणालो, "साहेब, दोष सापडला."

ते समोर बघत होते. म्हणाले, "किती वाईट आहे?"

मी त्यांच्याकडे बघितलं. मी पायाचं नावही काढलं नव्हतं. जीपचा दोष सापडला म्हटल्यावर माणूस विचारतो, काय निघालं, किती दिवस लागतील. 'किती वाईट आहे' असं फक्त आजाऱ्याबद्दल विचारतात.

"पाय कुजलाय," मी म्हणालो. "सरळ दवाखान्यात जाऊ."

त्यांनी मान हलवली. 

आम्ही कोठीजवळच्या सरकारी दवाखान्यात गेलो. तिथल्या तरुण डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला, सुई टोचून बघितली, पोटरीपर्यंत टोचत गेल्या, आणि नरसिम्लू छताकडे बघत "नै, नै" म्हणत राहिला. गुडघ्याच्या थोडं खाली आल्यावर तो पहिल्यांदा "हौ" म्हणाला. बाई म्हणाल्या, विष वर चढतंय, वाट बघण्यात अर्थ नाही. त्यांचा आवाज फार मऊ होता.

नरसिम्लूची बायको राजम्मा आली. ती रडली नाही. माझ्याकडे बघून तेलुगूत म्हणाली, "चप्पल घरात निसटून पडायची, त्यांना कळायचं नाही. मग रोज सकाळी मीच ट्यूबनं बांधून द्यायची. गाडी सुटली तर घरात करणार काय, म्हणून." आणि पदराचं टोक दातात धरून भिंतीशी बसून राहिली.

साहेब आणि मी बाहेरच्या बाकावर बसलो होतो. पेशंटांची, नातेवाइकांची ये-जा चालू होती. मग ते बोलायला लागले, माझ्याशी म्हणण्यापेक्षा समोरच्या भिंतीशी.

"गेल्या पावसाळ्यात एका शाळेपुढं जीप थांबली नाही. म्हणजे थांबली, पण उशिरा. मुलं पळाली. नरसिम्लू म्हणाला, ॲक्सिलरेटर अडकलं. मी म्हणालो, पवारांना दाखवून आण. तेव्हापासून मी हात ब्रेकवर ठेवून बसतो."

"तुम्हाला तेव्हाच कळलं होतं?"

"तो खाली बघून पाय ठेवायचा. शेजारी बसणाऱ्याला दिसणार नाही का? जखम आहे हे मात्र माहीत नव्हतं, पवार. शपथेवर सांगतो. पायात जोर नाही, एवढंच वाटलं. वय झालं, म्हटलं."

"मग बोलला का नाहीत?"

त्यांनी चष्मा काढून पुसला. "त्याला घरी बस म्हटलं असतं, तर जीप कोण चालवणार? अजितनं भाड्याची गाडी आणली असती. त्या गाडीत तो बसला असता, मी नाही. त्याच्याकडे आता यंत्रंही नवी आहेत. तो मला रोज म्हणतो, बाबा, आता आराम करा." चष्मा परत लावून म्हणाले, "जीप बिघडलीय, असं म्हणणं सोपं होतं. नरसिम्लू पण तेच म्हणत होता. मी पण."

मी त्यांना दोष द्यायला तोंड उघडलं होतं. मिटलं. हात ब्रेकवर ठेवून महिनोन्महिने रोज माळरानावर जाणाऱ्या माणसाला मी काय सांगणार? पण एक गोष्ट मला आजही छळते. त्या सगळ्या दिवसांत जीप माझ्या शेडमध्ये होती तेव्हा नरसिम्लू दाराशी स्टुलावर बसलेला असायचा. मी बोनेटमध्ये डोकं घालून दोष शोधायचो आणि दोष माझ्यापासून हातभर अंतरावर चहा पीत असायचा. आणि जितक्या खेपा आम्ही जीप दुरुस्त केली, तितका तो पाय वर वर सडत गेला.

पाय गुडघ्याखालून काढला. दवाखान्याचं सगळं साहेबांनी बघितलं, पण शस्त्रक्रियेनंतर ते भेटायला गेले नाहीत. अजित गेला. मी बघितलं, तो राजम्मासाठी डबा घेऊन आला होता आणि खाटेपाशी अवघडून उभा होता. नरसिम्लूनंच त्याला बसायला सांगितलं. या मुलाला त्यानं शाळेत सोडलं होतं, त्याच जीपमधून.

जीप एका दगडखाणवाल्यानं नेली. नेताना तिच्यात काही दोष नव्हता. पहिल्या किल्लीला चालू झाली.

साहेबांनी काम सोडलं. सोडलं म्हणजे, सुटलं. घरी बसले.

नरसिम्लूला मी गॅरेजात आणलं. बसून करायचं काम म्हणजे कार्ब्युरेटर खोलणं, धुणं, जेटची बारीक भोकं साफ करणं, जोडणं. त्याची बोटं चांगली होती आणि बोटांना अजून सगळं कळत होतं. कुबड्या भिंतीला टेकवून तो टेबलाशी बसायचा. पहिले काही महिने फार वाईट गेले. एखादी जीप बोळातून गेली की हातातलं काम थांबायचं. खादरभाई मग त्याच्याशी काहीतरी भांडण उकरून काढायचे, तेलुगू माणसाला बिर्याणी कळत नाही वगैरे, आणि तो चिडून बोलायला लागायचा.

साहेब एकदाच आले. रिक्षानं आले. अंगानं उतरले होते. आत येऊन नरसिम्लूसमोरच्या खुर्चीवर बसले. मी चहा मागवला. दोघांनी चहा संपवला. मग साहेबांनी विचारलं, "पाय कसा आहे?"

नरसिम्लू म्हणाला, "कौनसा, साब?"

साहेबांचा चेहरा असा झाला की मी बाहेर निघून गेलो. परत आलो तेव्हा नरसिम्लू त्यांना विचारत होता, त्या अमक्या तळ्याच्या बांधाजवळ आपण दाखवलेल्या जागी पाणी लागलं का. साहेब सांगत होते, लागलं, भरपूर लागलं. मग ते त्या बांधाबद्दल बोलत राहिले, कुठून खचतो आणि कुठून जातो. जाताना साहेबांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. त्यानंतर ते आले नाहीत, आणि पुढच्या वर्षी ते गेल्याचं अजितनं कळवलं.

डॉक्टरीणबाईंनी बजावून सांगितलं होतं, आता डावा पाय जपा. रोज तळवा बघा. नरसिम्लूला वाकून स्वतःचा तळवा बघता यायचा नाही. राजम्माची नजर अधू झाली होती. म्हणून ते माझ्याकडे आलं. इंजिनाच्या मागची, डोळ्यांना न दिसणारी बाजू बघायला आमच्याकडे दांडीला लावलेला छोटा आरसा असतो. संध्याकाळी हात धुतले की मी तो आरसा आणि बॅटरी घेऊन खाली बसायचो. तो स्टुलावरून पाय पुढं करायचा. टाच, बोटांच्या मधल्या खाचा, कडा. कुठं लाली, कुठं भेग, कुठं खडा रुतलाय का. सुरुवातीला त्याला फार संकोच व्हायचा. "उस्ताद, तुमने मेरे पाँव को हाथ लगाना, अच्छा नै लगता," म्हणायचा. पुढं सवय झाली. मी बघायचो आणि म्हणायचो, "बरोबर आहे." मग तो चप्पल घालायचा आणि राजम्माच्या भावाबरोबर घरी जायचा.

काम कमी होत गेलं. नव्या गाड्यांमध्ये कार्ब्युरेटर नव्हता, आणि त्या बिघडल्या तर कंपनीच्याच वर्कशॉपात जायच्या. टेबलावर खोलायला काही नसायचं. तरी तो यायचा. जुन्याच कार्ब्युरेटरचे भाग परत धुऊन, परत जोडून ठेवायचा. 

तो हिवाळ्यात गेला. पहाटे छातीत कळ आली आणि दवाखान्यात नेईपर्यंत संपलं. मी आणि खादरभाई त्यांच्या घरी पोहोचलो तेव्हा त्याला ओसरीवर निजवलेलं होतं, छातीवर झेंडूची फुलं. बायका राजम्माला धरून बसल्या होत्या. मी पायाशी गेलो. धोतराच्या कडेखालून डावा पाय बाहेर दिसत होता. मी खाली बसलो आणि विचार न करता तो हातात घेऊन टाच बघितली, बोटांच्या मधल्या खाचा बघितल्या.

राजम्मानं मान वर केली. "सरिग्गा उंदा?" तिनं विचारलं. बरोबर आहे ना?

मी म्हणालो, हो. कुठं ओरखडासुद्धा नाही.